मोती आणि फूल

नवीन जालना,
६ मे २०२४

चि. अर्पिता बेटी,

अनेक आशीर्वाद. माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. मी बालकिशन, कनिकाचा आजोबा. डोळ्यांच्या दवाखान्यात तुमच्या राजनंदिनीच्या शेजारच्या कॉटवर सात वर्षांची मुलगी होती ना, ती कनिका. आणि दुपारी चहाचा थर्मास घेऊन येणारा, बियाण्याच्या दुकानातला म्हातारा तो मी. निघताना गडबडीत तुझा पत्ता बियाण्याच्या एका रिकाम्या पुडीवर लिहून घेतला होता, ते बरं झालं.

मागच्या आठवड्यात फोन केला होता, आठवत असेल. तू "हॅलो, हॅलो" म्हणत राहिलीस आणि कनिका गप्प. फोन कानाला लागला की ही पोरगी कोणाशीच बोलत नाही. व्हिडिओ करावा तर डॉक्टरांनी मोबाईलचा पडदा बिलकुल बंद केलाय. शेवटी मीच म्हटलं, "तू सांग, मी लिहितो." तर असं हे पत्र.

घरी आल्यापासून तिचं एकच चाललंय, नंदिनी आणि नदी. नदीचं आम्हाला काही समजेना. मग तिनंच सांगितलं. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून वर पट्टी बांधलेली, आणि डाव्यातला मोती तसाच, त्यातून तिला नुसता उजेड कळायचा. तुमच्या नंदिनीला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातली काडी लागलेली, टाके घातलेला डोळा हलू नये म्हणून तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. म्हणजे दोघींनी एकमेकींना धड पाहिलंही नाही. दुपारी वॉर्डात हिरवे पडदे ओढले की सगळे पेंगायचे, आणि कूलरमधल्या पाण्याचा झुळझुळ आवाज यायचा. तेव्हा नंदिनी तिला म्हणाली म्हणे, "आयक. कॉटाखाली नदी हाये. आपण होडीत बसलोय."

बेटी, तुला एक सांगतो. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही कनिकाला आईस्क्रीम खायला नेतो म्हणून नेलं होतं. लहान पोर, खरं सांगितलं तर रडेल म्हणून. आत नेऊन एकदम तोंडावर भुलीची वाटी धरली. शुद्धीवर आली ती किंचाळतच. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईना. शेजारच्या कॉटवरून तो आवाज आला, आणि ती नदी ऐकता ऐकता झोपली. आमच्यावर मात्र तिचा भरवसा उरला नाही तो नाहीच. आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून बाकी आहे.

आता ती सांगते तसं लिहितो:

"नंदिनी, मी घरी आले. आमचा कूलर चालू आहे पण त्यातून नदी येत नाही, नुसतं पाणी येतं. होडी कुठपर्यंत आली? तुझी पट्टी काढली का? तुला दिसतं का? मला उजव्या डोळ्यानं भिंतीवरची पाल दिसते. आधी दिसत नव्हती. आधी बरं होतं."

उत्तर जल्दी पाठव.

तुझा,
बालकिशन दादाजी

*

उंबरवाडी, ता. मंठा
१४ मे २०२४

आदरणीय दादाजींना अर्पिताचा नमस्कार.

पोस्टमन आमच्या दारी सहसा थांबत नाही, त्यामुळं अर्धी गल्ली पत्र बघायला जमली होती. मी पत्र दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. नंदिनी खाटेवर पाय हलवत ऐकत होती. पालीचं आलं तेव्हा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

तुमचा चहा मला आठवतो. वहिनी बाळंतीण, दादा शेतात, नंदिनीच्या आजोबांना, आमच्या अण्णांना, दवाखान्यातला वास सोसत नाही, म्हणून आत्या असून मीच तिच्याजवळ होते. बारा-तेरा दिवस मला कोणी "तू जेवलीस का" विचारलं नाही, तुमच्याशिवाय.

नंदिनीची पट्टी निघाली. टाके चांगले बसलेत असं डॉक्टर म्हणाले. बाकी ठीक. आता ती सांगते तसं:

"कनिका, होडी लई लांब आली. तू झोपलीस म्हून तुला कळलं न्हाई. नदीच्या खाली बाजार भरलाय. मासे तागडी घेऊन बसलेत. एक म्हातारा मासा ढग विकून राह्यला, पिंजलेल्या कापसाचे, हातात धरले की गार लागत्यात. मी दोन घेतले, एक तुझ्या उशीत भरला. पुढं एक बेट हाये. तिथं नुसती सीताफळं. कच्ची हायेत तवर ती झोपलेली असत्यात. मंग एकेक डोळा उघडत्यात आन् आपल्याकडं बघत्यात. तू भिऊ नको, ती फक्त बघत्यात, बोलत न्हाईत. मला सगळं दिसतं. दोन्ही डोळ्यानं दिसतं. पालीला हाड म्हन."

अण्णांनी तुम्हाला रामराम सांगितलाय.

आपली,
अर्पिता

*

नवीन जालना,
३ जून २०२४

चि. अर्पिता बेटी,

नंदिनीचं पत्र आमच्या घरात इतक्यांदा वाचून झालं की दुकानात गिऱ्हाईक सीताफळाचं बोललं तरी मला ते डोळे आठवतात. रोज दुपारी जेवणानंतर कनिका पलंगावर आडवी होते, डोळे मिटते आणि म्हणते, "दादाजी, वाचा." मी वाचायला लागलो की तिचे हात वल्हं मारल्यासारखे हळूहळू हलतात. तिला ते ठाऊकही नसतं. कधी कधी मलाच झोप लागते आणि जाग येते तेव्हा ती माझ्या अंगावर चादर घालत असते.

आधी डोळ्यात थेंब घालायचे म्हणजे तिघांनी धरावं लागायचं, एकानं पाय, एकानं हात, एकानं डोकं. आता ती स्वतः पापणी ओढून धरते. "नंदिनीला पण घालतात, ती ओरडत नाही," म्हणते. पालीला रोज हाड म्हणणं चालू आहे. पाल जात नाही, पण कनिकाही जात नाही.

आता खरं काम. डॉक्टर म्हणतात, डाव्या डोळ्याला उशीर नको, नाहीतर तो आळशी होऊन बसेल, मग मोती काढूनही उपयोग नाही. जुलैच्या सुरुवातीची तारीख दिली. सूनबाईनं तिला ते सांगितलं आणि ती पलंगाखाली गेली. जेवण पलंगाखालीच झालं. दादी गूळ-पोळी घेऊन वाकली, तर कनिका म्हणाली, "आईस्क्रीम म्हणू नका." संध्याकाळी मी जमिनीवर आडवा होऊन तिच्याशी बोललो. ती म्हणाली, "नंदिनी येऊन हात धरणार असेल तर मी जाते."

तर बेटी, दोन दिवस नंदिनीला घेऊन येशील का? मी गाडी पाठवतो. राहायला आमच्याच घरी. एवढं कर.

तुझा,
बालकिशन दादाजी

*

उंबरवाडी,
१९ जून २०२४

आदरणीय दादाजींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. पेरणीचे दिवस आहेत. घरात कोणाला फुरसत नाही. वहिनीचं बाळ लहान, त्यात माझा परीक्षेचा अभ्यास. यावेळी नंदिनीला घेऊन येणं जमेल असं वाटत नाही. तुम्ही कनिकाला समजावून सांगाल, तुम्हाला येतं समजावता.

नंदिनीनं एवढंच सांगितलं:

"कनिका, होडी गाळात रुतली हाये. पाणी कमी झालंय. तू पुढं जा."

आपली,
अर्पिता

*

नवीन जालना,
५ जुलै २०२४

चि. अर्पिता,

पेरणी झाली असेल. आमच्याकडचं बियाणंही संपत आलं.

तारीख गेली. आम्ही तिला गाडीत बसवलं, खरं सांगूनच बसवलं, पण दवाखान्याचं फाटक दिसलं आणि तिनं सीटच्या खाली अंग कोंबलं. ओढून काढायला गेलो तर माझ्या मनगटाला चावली. मी म्हटलं, राहू द्या, घरी चला. डॉक्टर फोनवर मला बरंच बोलले. त्यांचं बरोबर आहे.

बेटी, मी पन्नास वर्षं दुकानात माणसं पाहिली. तुझ्या मागच्या पत्रातली पेरणी आणि परीक्षा मला पटली नाही. आमच्याकडून काही चुकलं असेल तर सांग. गाडी पाठवतो म्हणालो, ते तुम्हाला तोऱ्याचं वाटलं का? की आमच्या घरी उतरायला तुमच्या अण्णांना संकोच वाटतो? तसं असेल तर मी येऊन त्यांना भेटतो. दवाखान्यात एका थर्मासातून चहा प्यायलो आपण, त्याची आण.

कनिका सांगते:

"नंदिनी, तू रागावलीस का? मी होडीतून उतरले नाही. मी पण गाळात आहे. मी एकटी पुढं जाणार नाही."

बालकिशन

*

उंबरवाडी,
१० जुलै २०२४

आदरणीय दादाजी,

तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. तुमच्याकडून काहीच चुकलं नाही. अण्णा म्हणाले, "त्या भल्या माणसाला खरं लिही, आत्ताच लिही," म्हणून चुलीपुढं बसूनच लिहितेय.

नंदिनीच्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय. जखम भरली, पण बुबुळावर पांढरा वण राहिला. त्या डोळ्यानं तिला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की बुबुळ बदलता येईल का ते बघू, आत्ता काही सांगता येत नाही. हे मला मे महिन्यातच ठाऊक होतं. "मला सगळं दिसतं" हे वाक्य लिहिताना मी थांबले होते. ती म्हणाली, "लिही आत्या. तिला अजून एक डोळा करायचाय. माझं कळलं तर ती कधीच जायची न्हाई." आठ वर्षांच्या पोरीनं एवढा विचार केला, मी तो मोडू शकले नाही. आणि मग तुम्ही बोलावलंत. ती आली असती तर कनिकानं पाहिलंच असतं.

आता पुढचं. शाळा सुरू झाली तेव्हा नंदिनी एकच दिवस गेली. ग्लासात पाणी ओतताना तिचं पाणी बाहेर सांडतं, पायरीचा अंदाज चुकतो, उजवीकडून कोणी आलं की दचकते. पोरं तिला गारगोटी म्हणाली. डोळ्यातला पांढरा ठिपका बघून. दुसऱ्या दिवशी दप्तर काढलं तर ती धान्याच्या पोत्यांमागं जाऊन बसली. तेव्हापासून दिवसभर तिथंच असते. केस उजव्या बाजूनं चेहऱ्यावर ओढून घेते. दादानं रागावून पाहिलं, वहिनीनं रडून पाहिलं. नदीचंही आता सांगत नाही. "होडी रुतली" एवढंच.

दादाजी, ज्या पोरीचा आवाज ऐकून तुमची नात झोपायची, तिला आता हात धरून उठवावं लागतंय. आम्ही कुठल्या तोंडानं तिला तुमच्याकडं धीर द्यायला पाठवणार होतो?

हे कनिकाला वाचून दाखवू नका. तिच्या डोळ्याचं होऊ द्या आधी.

अर्पिता

*

नवीन जालना,
१५ जुलै २०२४

चि. अर्पिता बेटी,

तुझं पत्र मी मनात वाचत होतो, पण म्हाताऱ्याचे ओठ हलतात. कनिका गादीवर माझ्या पाठीला टेकून बसली होती. मला वाटलं झोपलीय. ती म्हणाली, "दादाजी, नंदिनीच्या डोळ्यात कोणतं फूल पडलं?"

मोगऱ्याचं, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. सोपं होतं. मग तिचा ऑपरेशनच्या दिवशीचा चेहरा आठवला, आणि मी चष्मा काढून ठेवला. म्हटलं, "खरं फूल नाही बेटी. जखमेचा पांढरा डाग आहे. त्याला तसं म्हणतात."

"म्हणजे तिला दिसत नाही?"

"त्या डोळ्यानं नाही दिसत."

तिनं बराच विचार केला. "माझ्या डोळ्यात मोती होता, तो काढला. तिचं फूल का नाही काढत?"

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मोती आत असतो, बी काढावं तसा काढता येतो. हा डाग डोळ्याच्या वरच्या काचेतच उमटलाय. मग ती जे विचारणार हे मला ठाऊक होतंच, ते तिनं विचारलं. "माझ्या डाव्या डोळ्याचं तसं होईल?"

"डॉक्टर म्हणतात, होणार नाही. ते जाणकार आहेत. पण मी शपथ घालून सांगू शकत नाही."

ती उठून गेली. दिवसभर खिडकीच्या पडद्याआड बसली, पडद्याखाली नुसती पावलं दिसत होती. घरातले सगळे माझ्यावर नाराज. सूनबाई म्हणाली, आता ही जन्मात दवाखान्यात जायची नाही. मलाही तेच वाटलं. दिवेलागणीला ती पडद्यातून बाहेर आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"ती म्हणाली होती तिला सगळं दिसतं."

"हो."

"मी भिऊ नये म्हणून म्हणाली ना?"

"हो बेटी."

"मग ती एकटीच भ्यायली असेल."

 तिनं विचारलं उंबरवाडीला किती वेळ लागतो. मी म्हटलं, मंठ्यापर्यंत रस्ता चांगला आहे. म्हणाली, "मग चला."

आम्ही येत्या रविवारी येतोय. अण्णांना सांग, चहा मी आणणार नाही, तुमच्याकडचा पिणार.

तुझा,
बालकिशन दादाजी

*

उंबरवाडी,
२९ जुलै २०२४

आदरणीय दादाजींना नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतंय. तुम्ही अण्णांबरोबर ओसरीवर कपाशीच्या वाणांवर बोलत बसला होता, त्यामुळं आतलं तुम्हाला काही कळलं नाही. सोमवारी सकाळीही तुम्ही गाडीपाशीच होता. म्हणून सगळं लिहिते.

कनिका आली तेव्हा नंदिनी पोत्यांमागं होती. मी हाक मारणार होते, पण कनिकानं मला हातानं थांबवलं. ऑपरेशननंतर लागलेला तो जाड चष्मा सावरत, एक हात भिंतीला लावत ती अंधाऱ्या खोलीत गेली. मी दाराशी उभी राहिले.

"नंदिनी?"

आतून आवाज आला, "मी घरी न्हाई."

"बरं," कनिका म्हणाली आणि पोत्याला टेकून खाली बसली. दोघींच्या मध्ये ज्वारीची दोन पोती. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आली होती, तिच्यात धान्याची धूळ तरंगत होती. किती वेळ गेला ठाऊक नाही. बाहेर तुमचं हसणं ऐकू येत होतं, कोंबड्या ओरडत होत्या.  मला उभ्या उभ्या पेंग आल्यासारखं झालं. मग कनिका म्हणाली, "मला डाव्या डोळ्यानं सगळं दुधात पडल्यासारखं दिसतं."

थोड्या वेळानं पोत्यामागून आलं, "मला उजव्यानं काहीच न्हाई दिसत."

"काळं दिसतं?"

"काळं पण न्हाई. तुला डोक्याच्या मागं काय दिसतं?"

कनिकानं मान न वळवता मागं बघायचा प्रयत्न केला. "काहीच नाही."

"तसं."

"दुखतं?"

"आता न्हाई दुखत."

"दाखव."

दादाजी, तिनं तो डोळा आईलाही नीट बघू दिला नव्हता.  पोतं सरकल्याचा आवाज आला. नंदिनी गुडघ्यावर रांगत बाहेर आली आणि तिनं केस मागं घेतले. कनिका नाकाला नाक लागेल इतकी जवळ गेली. बारकाईनं पाहिलं.

"तांदळाच्या कणीएवढं तर आहे," म्हणाली. "मला वाटलं केवढं असेल."

"पोरं गारगोटी म्हणत्यात."

"मला बॅटरी म्हणतात. चष्म्यामुळं."

नंदिनी हसायला लागली. मग दोघी हसल्या, पोत्यांवर पडून, पोट धरून. वहिनी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन धावत आली आणि मी तिला दारातच अडवलं.

संध्याकाळी दोघी मागच्या अंगणात बाजेवर पडल्या होत्या. वर ढग सरकत होते. त्यांचं नदीचं चाललं होतं, पण इतक्या हळू की मला शब्द कळले नाहीत. आवाज तेवढा येत होता, झोपेत कोणी बोलावं तसा.

सोमवारी सकाळी नंदिनीनं न सांगता दप्तर घेतलं. कनिका तिच्या डाव्या हाताला उभी राहिली, तर नंदिनी म्हणाली, "तिकडून न्हाई. तिकडचं मला दिसतं. हिकडून ये." मग कनिका उजवीकडं आली. रस्त्यात रखमाजी तात्यांचा बैल उजवीकडून आला, तेव्हा कनिकानं नुसता हात दाबला. नंदिनी दचकली नाही. मी वीस पावलं मागं होते. फाटकापाशी ती थांबली, मला वाटलं आता वळेल.  कनिकानं ओढलं नाही की ढकललं नाही. तीही तिथं थांबून राहिली, जणू तिलाही काही घाई नव्हती. मग नंदिनीच आत गेली.

संपत सरांनी कनिकाला तिच्या शेजारी बसू दिलं. सुट्टीत एक पोरगा समोर येऊन उभा राहिला आणि विचारलं, "तुझ्या डोळ्याला काय झालं?" नंदिनीनं सांगितलं, "काडी लागल्ती. टाके घातले. दिसत न्हाई." तो "बरं" म्हणाला आणि गोट्या खेळायला गेला. दीड महिना ती ज्याला भीत होती ते एवढंच होतं.

ती रोज शाळेत जातेय. रोज हसत जाते असं नाही, पण जाते. आणि कनिकाच्या डोळ्याची ऑगस्टची जी नवी तारीख ठरलीय, तेव्हा ती जालन्याला येणार. माझी परीक्षा त्याच आठवड्यात आहे, यावेळी खरोखर आहे, म्हणून अण्णा तिला घेऊन येतील. दवाखान्याच्या वासाचं काय म्हटलं तर म्हणाले, "पोरी जाऊन राह्यल्या, मंग मला काय धाड भरली?"

आपली,
अर्पिता

*

नवीन जालना,
१९ ऑगस्ट २०२४

चि. अर्पिता बेटी,

अण्णांनी फोनवर तुला "झालं बराबर" एवढंच सांगितलं असेल. ते दवाखान्यात कडुनिंबाच्या झाडाखालीच बसून होते, नाकाला उपरणं लावून. पण आले. मी आत होतो, म्हणून मी लिहितो.

सकाळी दोघींना एकाच कॉटवर बसवलं होतं. तोच वॉर्ड, तेच हिरवे पडदे. कनिकाला हिरवा झगा घातलेला. तिनं आम्हा मोठ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि नंदिनीला म्हणाली, "आता सांग. सगळं सांग."

नंदिनीनं बोटांवर मोजत सांगितलं. "आत लई गार असतं. मोठा दिवा असतो. नाकावर वाटी ठेवत्यात, तिला रबराचा वास येतो. वाईट येतो. मंग झोप लागती. उठल्यावर घसा दुखतो आन् डोळा चुरचुरतो. उलटी पण होती कधी कधी."

"आणि दिसेल का?"

मी मध्ये बोलणार होतो. नंदिनी म्हणाली, "ते मला म्हाईत न्हाई. तुझं मोतीचं हाये, माझं फुलाचं व्हतं. पण मी दारापाशी बसून राहीन. तू बाहेर येशील तवा मी हाये."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत दोघी हात धरून गेल्या. तिथं सिस्टरनं नंदिनीला थांबवलं. हात सुटले. कनिका मागं वळली नाही, चालत आत गेली. आतलं मला सगुणाबाईंनी सांगितलं, त्या तिथं मदतनीस आहेत. वाटी जवळ आणली तेव्हा कनिका म्हणाली, "थांबा, मी धरते." आणि दोन्ही हातांनी स्वतःच नाकावर धरली. म्हणाली, "रबराचाच वास आहे." मग झोपली.

मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. नंदिनीनं विचारलं, "दादाजी, तुम्ही भ्यायलात का?"

मी म्हटलं, "हो."

"मंग ह्या बाजूला बसा, म्हंजी मला तुम्ही दिसाल."

मी उठून तिच्या डाव्या बाजूला बसलो. तिनं माझा हात बाहेर काढून धरला. दार उघडेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. कुठं तरी कूलर चालू होता. एका क्षणी मला वाटलं बाकडं हलतंय, हळूच, पाण्यावर हलावं तसं. मी नंदिनीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, जणू मला उशिरा कळलं तरी कळलं हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? सगळे वाकून बघत होतो. आमच्या घरचे देवाचं नाव घेत होते. कनिका म्हणाली, "धुरकट. आणि पिवळं काहीतरी."

सूनबाईचा चेहरा पडला. पण डॉक्टर हसले. म्हणाले, एवढं दिसणं आज पुष्कळ आहे, नव्या चष्म्यानं आणि सरावानं महिनाभरात उजळेल, डोळा अजून बघायला शिकतोय. पिवळं म्हणजे नंदिनीचा फ्रॉक होता. कनिका रडली नाही. तिनं हात पुढं केला आणि तो पिवळा रंग चिमटीत धरला.

दुपारी दोघी एकाच कॉटवर झोपल्या. सिस्टर उठवायला आली, मी म्हटलं राहू द्या.

बेटी, मी नातीला धीर द्यायला म्हणून तुमच्या पोरीला बोलावलं होतं. कोणी कोणाला दिला ते आता मला सांगता येत नाही. आणि थोडा माझ्याही वाट्याला आला.

तुझा,
बालकिशन दादाजी

*

उंबरवाडी,
११ सप्टेंबर २०२४

प्रिय कनिका,

हे पत्र माझं मीच लिहून राह्यले. आत्याला दाखवलं न्हाई. अक्षर ओळीच्या खाली जातंय, तू समजून घे. तू आता वाचती ना? दादाजींना वाचायला देऊ नको.

आज मी शाळेत पडले. पायरी खाली हाये असं वाटलं, पण ती वर व्हती. गुडघा फुटला. सगळे हसले. मी रडले न्हाई असं लिहिणार व्हते, पण थोडी रडले. मंग मी परत त्याच पायरीपाशी गेले. आधी पाय लावून बघितलं ती किती वर हाये. मंग चढले. मंग उतरले. मंग परत चढले. पोरं बघत व्हती. गुडघ्यातून रक्त येत व्हतं, पण लई न्हाई.

मंग घंटा झाली म्हून वर्गात गेले.

तुझी,
राजनंदिनी